आरतीचं यंत्र आणि 'कुर्वे': पंचवटीतल्या एका देवळाचं प्रकरण

पंचवटीत गोदाघाटापासून चालत सात-आठ मिनिटांवर, एका बोळात, विठ्ठल-रखुमाईचं खाजगी देऊळ आहे. नाव देत नाही. या प्रकरणात ज्यांचं थोडंफार चुकलं ते मला रोज भाजी घेताना भेटतात, आणि चुकलेल्यांत मीही आहे. मी पखवाज शिकवतो. २०२२ च्या नवरात्रानंतर देवळाच्या विश्वस्तांपैकी एक काका घरी आले आणि म्हणाले, "सर, तुम्ही वाजवणारे. जरा येऊन बघा. आमच्याकडे आरतीला लोक येतात, पण म्हणत कुणी नाही."

"येतात किती?"

"पंधरा-वीस तरी रोज. उभे राहतात, टाळ्या वाजवतात, प्रसाद घेतात, जातात. तोंड हलतं, आवाज येत नाही."

देवळात माणसं येत नाहीत ही तक्रार नेहमीची. येतात पण गात नाहीत, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

संध्याकाळी सातला गेलो. गुरुजींनी निरांजन पेटवलं आणि खांबावरचं बटण दाबलं. सभामंडपाच्या कोपऱ्यात लोखंडी अँगलची एक चौकट उभी होती, ती जागी झाली. अशी यंत्रं आता गावोगावच्या देवळांत आहेत. खाली मोटार, तिच्या पट्ट्यावर फिरणारा दांडा, दांड्यावर ठरावीक अंतरावर उंचवटे. उंचवटा खालून सरकला की नगाऱ्यावरची टिपरी उचलली जाते, तो पुढे गेला की स्प्रिंग तिला खाली आपटते. बाजूला दोन घंटा आणि झांजेची एक जोडी, त्याच दांड्याला जोडलेली. दोन-तीन सेकंदांत सगळं पूर्ण वेगात. सभामंडप दगडी, छत बुटकं. मोबाईलवरच्या आवाज मोजायच्या ॲपवर काटा नव्वद डेसिबलच्या वर नाचत होता. असल्या ॲपवर फार विसंबू नये, पण शेजारी उभ्या माणसाला मला ओरडूनच विचारावं लागलं, यासाठी ॲप लागत नाही.

मी घड्याळ लावून ठोके मोजले. मिनिटाला १३० च्या वर. घरोघरी 'सुखकर्ता' सुरू होते ती साधारण सत्तर-ऐंशीच्या चालीनं, आणि शेवटच्या आरतीपर्यंत न ठरवता शंभरी गाठते. इथे पहिल्या ओळीपासूनच लोक धावत होते. तिसऱ्या कडव्यापर्यंत दम संपला, मग फक्त टाळ्या उरल्या.

खरी गंमत 'येई हो विठ्ठले'ला झाली. ही आरती म्हणताना आपण काय करतो ते मराठी माणसाला सांगायला नको. 'ये'वर श्वास धरायचा, धरून ठेवायचा, पोरांनी एकमेकांकडे डोळे मोठे करून बघायचं, कोण आधी सोडतो ते. झांज त्या वेळी थांबते किंवा नुसती थरथरत राहते, आणि सगळ्यांचा श्वास एकदम संपला की पुन्हा ठेक्यावर पडते. यंत्राला हे कळायचं कारण नाही. लोक 'येऽऽऽ'वर होते आणि टिपऱ्या धडधड पुढे चालल्या होत्या. दोन पोरांनी तरी धरून बघितलं, मग हसून सोडून दिलं.

मी काकांना तिथेच सांगितलं की यंत्र काढा, लोक गातील. इथे माझं चुकलं. यंत्र का आलं हे मी विचारलंच नव्हतं.

तिसरा हात

देवळाला पूर्वी वाजवणारं गुरवाचं घर होतं. देवापुढे सनई, संबळ, चौघडा वाजवणं हे गुरवांचं परंपरेचं काम, आणि त्या सेवेसाठी देवस्थानांना इनाम जमिनी असत. या देवळाची जमीन केव्हाच हातची गेलेली. शेवटचे गुरवकाका तरीही रोज संध्याकाळी यायचे, नगारा वाजवायचे. त्यांची मुलं अंबडच्या एमआयडीसीत पाळीनं कामाला. सातच्या आरतीला पाळी सुटत नाही. काका गेले आणि नगारा फडक्यात गुंडाळला गेला.

मग मार्च २०२० मध्ये देवळं बंद झाली. ती उघडली १६ नोव्हेंबरला, दिवाळीच्या पाडव्याला. पुढच्या वर्षी एप्रिलमध्ये पुन्हा बंद, आणि ७ ऑक्टोबर २०२१ ला, घटस्थापनेला उघडली. या सगळ्या काळात दार लोटून गुरुजी एकटे आरती करत होते. उजव्या हातात निरांजन, डाव्या हातात घंटी. एका भाविकानं वडिलांच्या स्मरणार्थ यंत्र दिलं. गुरुजी मला म्हणाले, "सर, तुम्ही काढा म्हणता. मला तिसरा हात कुठून आणून देता?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं.

रविवारची बैठक

विश्वस्तांनी बैठक बोलावली. आठ माणसं, चहा, आणि भिंतीवर टेकून बसलेल्या एक ऐंशी पार केलेल्या आजी, ज्यांना कुणी बोलावलं नव्हतं.

निवृत्त मास्तर असलेले एक विश्वस्त यंत्राच्या बाजूनं बोलले, आणि चांगलं बोलले. त्यांचं म्हणणं असं: संगीताचा जन्मच पूजेतून झाला, पूजेला नाद लागतो, नाद होतोय, मग तो कशानं होतोय याला महत्त्व नाही. आधार म्हणून त्यांनी नाट्यशास्त्रातली ओळ म्हटली, 'जग्राह पाठ्यमृग्वेदात्सामभ्यो गीतमेव च'. पाठ्य ऋग्वेदातून घेतलं, गीत सामांतून, म्हणजे सामवेदातून.

ओळ बरोबर आहे, पण ती नाट्याची अंगं कुठून आली ते सांगते. माणूस गाऊ कधी लागला, हे तिच्यातून निघत नाही. जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत २००८ मध्ये गिधाडाच्या हाडाची बासरी सापडली. बोटांची पाच भोकं, लांबी वीतभर, वय सुमारे ४०,००० वर्षं. ती देवापुढे वाजत होती की पोर निजवायला, हे हाड सांगत नाही. डार्विननं १८७१ मध्ये गाण्याचं मूळ नर-मादीच्या आर्जवात शोधलं. हर्बर्ट स्पेन्सर या इंग्रज तत्त्वज्ञानं त्याआधी १८५७ मध्ये ते भावनेनं चढलेल्या बोलण्यात शोधलं होतं. कार्ल ब्यूशर या जर्मन अर्थतज्ज्ञानं १८९६ मध्ये वेगळीच बाजू मांडली: काम करणाऱ्या हातापायांची लय आधी, गाणं त्यातून.

हे मी थोडक्यात सांगितलं. डार्विन कुणाच्या डोक्यात शिरला नाही. ब्यूशरचं ऐकून मात्र आजी भिंतीपासून पुढे सरकल्या. "त्यात काय शोधलं त्यानं? जात्याचा खुंटा ज्या हातात, ओवी त्याच हाताची. दोघी दळायला बसलो तर जिचा हात जड, तिच्या चालीनं दुसरीनं म्हणायचं. गिरणी आली, ओवी गेली. गिरणीत कुणी ओवी म्हणतं का?"

माझ्या मते अख्ख्या बैठकीत कामाचं बोलणं एवढं एकच झालं. मी आवाज मोजत बसलो होतो, आजींनी बोट लयीवर ठेवलं. यंत्र मोठ्यानं वाजतं ही अडचण लहान. लय गाणाऱ्यांच्या हातातून गेली, ही मोठी. मोटारीनं लय धरली की गाणाऱ्याला तिच्यामागे फरपटत जायचं किंवा गप्प बसायचं, एवढंच उरतं. माणसांनी गप्प बसणं निवडलं.

मास्तरांच्या सामवेदातूनच याला पुरावा मिळतो, म्हणून तिथे जरा थांबतो. कौथुम शाखेच्या सामवेदात १८७५ मंत्र आहेत, आणि त्यांतले जेमतेम शंभराच्या आत सोडले तर बाकीचे ऋग्वेदातलेच. म्हणजे शब्द नवे नाहीत, त्यांना गाताना जे केलं जातं ते नवं. पहिलाच मंत्र घ्या. ऋचेत 'अग्न आ याहि वीतये' असं आहे. गाताना 'अग्न'चं 'ओग्नाइ' होतं, आणि 'वीतये'चं 'वोइतोयाइ'. मग 'तोयाइ' पुन्हा येतं. या करामतींना सामगायकांनी नावं दिली आहेत: अक्षर बदललं की विकार, फोडलं की विश्लेषण, ओढलं की विकर्षण, पुन्हा घेतलं की अभ्यास, मध्येच थांबलं की विराम, आणि 'हाउ', 'औहोवा' अशी अर्थाविना अक्षरं घातली की स्तोभ. सगळी नावं वाचली आणि मला 'येऽऽऽई हो' आठवलं. आपल्या बोळातली पोरं जे करतात ते विकर्षणच की! शब्द ताणायचा, आणि तो किती ताणायचा हे छातीतल्या वाऱ्यानं ठरवायचं. यंत्र नेमकं याच जागी आडवं येतं.

(सामगानाला सगळीकडे मानच होता असंही नाही. गीतेत 'वेदानां सामवेदोऽस्मि' आहे, आणि मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात सामाचा ध्वनी अशुचि ठरवलेला आहे. साम कानावर पडत असताना ऋग्वेद-यजुर्वेद म्हणू नये, असं तिथे सांगितलंय. हे ऐकून मास्तर म्हणाले, "हे मला माहीत नव्हतं," आणि चहा घेतला. असा माणूस बैठकीत असावा.)

दुसरे एक विश्वस्त म्हणाले की यंत्र परकं, विलायती, म्हणून नको. हे मला पटलं नाही. रामकुंडाजवळ नारोशंकराच्या देवळात टांगलेली मोठी घंटा वसईची आहे. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांनी वसई घेतली तेव्हा तिथल्या पोर्तुगीज घंटा ठिकठिकाणच्या देवळांत गेल्या, त्यांतली ती एक. चर्चची घंटा महादेवापुढे इतकी वर्षं टांगलेली आहे, नाशिककर तिला आपली म्हणतात. हार्मोनियम आली युरोपातून, तिच्यावाचून आज कुठलं भजनी मंडळ बसतं?

गुरुजी शेवटी बोलले. घंटा वाजवताना म्हणायचा श्लोक सगळ्यांना पाठ असतो: 'आगमार्थं तु देवानां गमनार्थं तु रक्षसाम् । कुर्वे घण्टारवं तत्र देवताह्वानलक्षणम् ॥' देवांनी यावं, राक्षसांनी जावं, म्हणून मी घंटानाद करतो. मास्तरांनी लगेच व्याकरण काढलं: "कुर्वे, उत्तमपुरुष, एकवचन. मी करतो. यंत्राला 'मी' कुठाय?" गुरुजी शांतपणे म्हणाले, "बटण मीच दाबतो ना, मास्तर."

बैठक हसण्यात मोडली. निर्णय झाला नाही.

पुली बदलून पाहिली

अंबडला फिटर असलेला गुरवकाकांचा धाकटा मुलगा सुट्टीच्या दिवशी पाने घेऊन आला. त्याची कल्पना सरळ होती. लय जास्त आहे ना, मग दांड्याची पुली मोठी लावू, वेग उतरेल. लावली. वेग नव्वदच्या आसपास आला, आणि टिपऱ्या बऱ्या पडू लागल्या. पण घंटेचा लोलक वेगावरच झुलणारा. तो काठाला नुसता घासू लागला. टणत्कार जाऊन 'खर्र, खर्र' उरलं. त्यानं लोलकाची दोरी आखडून पाहिली, मग एक घंटा काढूनच टाकली. 'सुखकर्ता' बरी झाली. 'येई हो'ला पुन्हा तेच: श्वास इकडे, टिपरी तिकडे.

तो पाना पुसत म्हणाला, "सर, वेग कमी करता येतो. पण याला वाट बघायला कसं शिकवायचं?" आणि मग फडक्यातला बापाचा नगारा काढून बघितला. कातडं उंदरांनी खाल्लेलं, तांब्याच्या भांड्याला पोचा.

पहारा

पुढचं सुचलं ते सप्ताहावरून. अखंड हरिनाम सप्ताहात वीणा सात दिवस खाली ठेवत नाहीत. रात्री दोनला सुद्धा कुणीतरी ती गळ्यात घालून उभा असतो. हे जमतं कारण पहारे लावलेले असतात. फळ्यावर वेळा, वेळेपुढे नावं. माणूस आपल्या पहाऱ्याला येतो, आधीच्याच्या पाया पडतो, वीणा घेतो. एकाच माणसाच्या भक्तीवर सात दिवस कुणी टाकत नाही. त्र्यंबकेश्वर इथून पंचवीस-तीस किलोमीटरवर. निवृत्तिनाथांच्या यात्रेला पौष वद्य एकादशीला दिंड्या जातात, आणि या बोळातली निम्मी घरं कधी ना कधी त्यांत चाललेली आहेत. पहारा म्हणजे काय हे कुणाला समजावावं लागलं नाही.

मी मांडलं ते असं: कोजागरीपासून कार्तिकी पौर्णिमेपर्यंत काकडा असतो, तेवढा महिना यंत्र बंद. सात वारांना सात घरं. प्रत्येक घरानं आपल्या वारी दोन माणसं द्यायची, एक नगाऱ्याला, एक झांजेला. गुरुजींचा तिसरा आणि चौथा हात.

पुरुषांची नावं चार वारांपुरती आली. उरलेल्या तीन वारांसाठी शेजारच्या गल्लीतलं बायकांचं भजनी मंडळ तयार होतं. इथे खोडा पडला. "बायकांनी देवापुढे नगारा वाजवायचा? आपल्याकडे पूर्वीपासून नाही." हे म्हणणारे काका वाईट नाहीत, त्यांना खरंच अवघड वाटत होतं. उत्तर मास्तरांनीच दिलं. "पूर्वीपासून काय काय नव्हतं ते काळारामाच्या दारात उभं राहून आठवा," ते म्हणाले. २ मार्च १९३० ला डॉ. आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली ज्या देवळापुढे सत्याग्रह सुरू झाला आणि सुमारे पाच वर्षं चालला, ते देऊळ या बोळापासून फार लांब नाही. माझ्या मनात दुसरंच आलं. नगारा काय, मृदंग काय, वाजतो कातड्यावर. ते कमावणाऱ्या हातांना शतकानुशतकं दाराबाहेर ठेवलं आणि त्यांचं कातडं गाभाऱ्यासमोर वाजवलं. पूजेतल्या संगीतावर बोलताना आपण राग बोलतो, ताल बोलतो, हे बोलत नाही. मीही त्या दिवशी बोललो नाही.

काका म्हणाले, "बघा बुवा, तुमचं तुम्ही." म्हणजे होकार.

नगारा मढवायला जुन्या नाशकातल्या एका कारागिराकडे नेला. पोचा काढायला आधी तांबटाकडे. तांब्या-पितळेच्या भांड्यांसाठी नाशिकचं नाव आहेच, तेवढा एक कारागीर सापडायला वेळ लागला नाही. कातडं भिजवून, ओढून, वादीनं आवळताना कारागिरानं विचारलं, "वाजवणार कोण आहे? हात हलका का जड?" मी म्हटलं, "सात वार, चौदा हात." तो म्हणाला, "मग मध्यम आवळतो. गार हवेत उतरला तर जरा शेकून घ्यायला सांगा."

महिनाभरात काय झालं

पहिले तीन दिवस वाईट गेले, हे लिहिलंच पाहिजे. माणसं गात होती, पण लय कुणाचीच नव्हती. सोमवारच्या घरातल्या पोरानं देवापुढे नाशिक ढोल वाजवला. मिरवणुकीत तो झकास वाजवतो. आरतीत त्यानं 'लवथवती' अशी काही हाकली की यंत्र बरं म्हणायची पाळी आली. मी त्याला एकच गोष्ट शिकवली: टिपरी उचलायच्या आधी आजींच्या तोंडाकडे बघ. त्या श्वास घेतील तेव्हा हात वर, त्या शब्दावर पडतील तेव्हा हात खाली. चौथ्या सोमवारपर्यंत त्याला जमलं. 'येई हो'ला तो टिपऱ्या हवेत धरून उभा राहायचा, आणि हे त्याला वाजवण्याहून जास्त आवडायला लागलं.

बायकांच्या वारांना पहिल्या दिवसापासून अडचण आली नाही. त्यांना एकत्र गायची सवय होती, एवढंच त्यामागचं कारण.

काकड्याला वेगळी भानगड उभी राहिली. पहाटे साडेपाचची वेळ, आणि देवळामागच्या खोलीत रात्रपाळी करून येणारी एक परिचारिका राहते. तिनं आधीही दोनदा सांगितलं होतं, कुणी मनावर घेतलं नव्हतं. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० सालचे. रात्री दहा ते सकाळी सहा ही रात्र धरली आहे, आणि २०१० च्या दुरुस्तीनंतर ते नुसत्या भोंग्याचे नाहीत, वाद्यांचेही आहेत. सर्वोच्च न्यायालयानंही २००० सालीच चेन्नईतल्या एका चर्चच्या प्रकरणात म्हटलं होतं की दुसऱ्याची शांतता मोडून, ध्वनिवर्धक लावून किंवा ढोल बडवून प्रार्थना करा असं कुठलाच धर्म सांगत नाही. विश्वस्त म्हणाले, काकडा सहानंतर घेऊ. आजी म्हणाल्या, मग तो काकडा कसला? शेवटी वेळ तीच ठेवली, दार लावून घेतलं, नगारा बंद, टाळ अगदी बोटांवर. काकड्याच्या अभंगांना तसंही एवढंच लागतं. मला विचाराल तर महिन्यातलं सगळ्यात चांगलं गाणं त्या पहाटेंना झालं. आठ-दहा माणसं, समईचा उजेड, आणि कुणी चुकलं तर लगेच कळावं इतका कमी आवाज. परिचारिकेला तो अजूनही ऐकू येतो. चालेल, म्हणाली.

कार्तिकी एकादशीला देवळात पाय ठेवायला जागा नव्हती, पण तो दिवस हिशेबात धरत नाही. एकादशीला सगळीकडेच असतं तसं.

सध्या

महिना संपल्यावर काय करायचं यावर पुन्हा बैठक झाली. यंत्र देणाऱ्या गृहस्थांना बोलावलं होतं. मला वाटलं होतं ते चिडतील. त्यांनी एवढंच विचारलं, "वडिलांचं नाव कुठं राहील?" नाव आता नगाऱ्याच्या ओट्यावर पितळी पट्टीवर आहे, गुरवकाकांच्या नावाच्या खाली.

यंत्र कोपऱ्यात आहे, मोठ्या पुलीसकट. पाच वार लागलेले आहेत आणि टिकले आहेत. शनिवार मध्ये दोन महिने पडला होता, फिटरनं पाळी बदलून घेतली आणि तो आता स्वतः येतो. वाजवतो साधारणच, बापासारखा नाही. बुधवारला मात्र माणूस मिळत नाही. दोनदा नावं आली, दोनदा गळाली. गुरुजी तक्रार करत नाहीत, बटण दाबतात, 'कुर्वे' म्हणतात. त्या दिवशी लोक गात नाहीत, टाळ्या वाजवतात.

फळ्यावर बुधवारच्या घरात गुरुजींनी खडूनं 'यंत्र' लिहून ठेवलंय. पुढे कुणीतरी पोरानं 'बुवा' जोडलं, ते अजून पुसलेलं नाही.